"बाई, हे पास होईल का?" : नाटकाच्या संहितेवरील सक्तीच्या पूर्वतपासणीविषयी खुले पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे मा. अध्यक्ष व सर्व सदस्य यांस,

विषय : प्रयोगापूर्वी संहिता तपासून प्रमाणपत्र घेण्याची सक्ती रद्द करण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या तालमीच्या खोलीत अकरावीत शिकणारी एक मुलगी वही घेऊन माझ्यासमोर बसली. ती एकांकिका लिहिते आहे, ऊसतोडणीला जाणाऱ्या बाईवर. तिची आई आणि मावशी दर वर्षी टोळीबरोबर तोडीला जातात, त्यामुळे उचल, कोयता, खाडा या शब्दांचे अर्थ तिला कुणाला विचारावे लागलेले नाहीत. तिच्या एकांकिकेतला मुकादम त्या बाईला म्हणतो, "पिशवी काढून टाक, म्हंजे दर म्हैन्याचा खाडा वाचंल." पिशवी म्हणजे गर्भाशय, खाडा म्हणजे कामाचा बुडालेला दिवस. ही ओळ तिने मोठ्याने वाचली, तिच्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि मला विचारले, "बाई, हे पास होईल का?"

सत्तावीस वर्षे मी या तालुक्याच्या गावात हौशी नाटक बसवते. मराठीची शिक्षिका म्हणून नोकरी केली, निवृत्त झाले, नाटक सुटले नाही. मुलांनी आजवर मला असंख्य प्रश्न विचारले. एंट्री कुठून घेऊ, रडू येत नाही तर काय करू, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज कसा पोचवू. त्यांची उत्तरे मला येतात. या प्रश्नाचे उत्तर मात्र तोंडातून निघेना. आईच्या अंगावरून गेलेली गोष्ट कागदावर उतरवताना त्या मुलीला पहिली आठवण झाली ती मुंबईत बसलेल्या, तिने कधीही न पाहिलेल्या माणसांची. आणि ही सवय तिला मीच लावली आहे. स्पर्धेची प्रवेशिका भरताना सेन्सॉर नंबर, म्हणजे मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक, लागतो, तेव्हा लिहितानाच जपून लिहा, असे मी दर वर्षी मुलांना सांगत आले. त्याची मला लाज वाटते. म्हणून हे पत्र लिहिते आहे, आणि ते सर्वांनी वाचावे असे मला वाटते.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. मंडळाने आमच्या संस्थेची एकही संहिता आजवर नाकारलेली नाही. तुमच्यातले कित्येक जण स्वतः लेखक, नट, दिग्दर्शक आहेत, तुमच्या हेतूविषयी मला शंका नाही. माझी तक्रार तुम्ही काय कापले याची नाही. तुमच्याकडे यायच्या आधी आमच्या घरात, आमच्याच हातांनी जे कापले जाते, त्याची आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही पाण्यावर एक नाटक केले. आमचा पट्टा दुष्काळी. उन्हाळ्यात टँकर येतो आणि कुणाच्या गल्लीत आधी जायचे हे ठरवणारे लोक ठरलेले असतात. नाटकात एक म्हातारी टँकरमालकाला सुनावते, "पाणी सरकारचं, पर बादली मातुर पक्षाची." लिहून झाल्यावर त्या ओळीवर मी दोन रात्री घालवल्या. 'पक्षाची' हा शब्द कुणाला खटकेल का, त्यावरून फाईल अडेल का, तारीख हुकेल का. अखेरीस 'पक्षाची' खोडून 'तुमची' केले. मग तेही धड वाटेना म्हणून अख्खा प्रवेश काढला. संहिता डीटीपीवाल्याकडून टाईप करून घेतली, पाठवली, प्रमाणपत्र आले. कुणीही काहीही कापले नव्हते. प्रयोग झाल्यावर एक शेतकरी आजोबा पडद्यामागे आले आणि म्हणाले, "बाई, समदं दावलंत, पर टँकरवाल्याचं का न्हाई दावलं?" मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली.

मंडळाच्या कुठल्याही नोंदीत ही काटछाट सापडणार नाही. किती संहिता आल्या, किती मंजूर झाल्या, किती ओळी वगळायला सांगितल्या, याचा हिशेब काढता येईल. न लिहिलेल्या ओळींचा हिशेब कोण काढणार? 'आम्ही क्वचितच काही कापतो' हे सक्तीच्या समर्थनार्थ नेहमी सांगितले जाते. ते खरे असेलही. पण शिक्षक छडी क्वचितच उगारतात म्हणून वर्ग घाबरत नाही असे होत नाही. मी आयुष्यभर वर्गात उभी राहिले आहे, मला हे ठाऊक आहे.

आता कायद्याकडे वळते. मी वकील नाही, पण ज्या कलमाखाली माझी संहिता तपासली जाते ते वाचायला मला कुणाची परवानगी लागत नाही.

नाटकाच्या पूर्वतपासणीचा अधिकार राज्याला कुठून मिळतो? महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मधून. त्याच्या कलम ३३ मध्ये वाहतुकीचे नियम आहेत, रस्त्यावरून गुरे नेण्याचे नियम आहेत, आणि त्याच कलमात पुढे नाच, गाणे, नाटक, मेळे आणि तमाशे यांचे परवाने व संहितांची पूर्वतपासणी आहे. नाटकाला आमच्या राज्यात स्वतःचा कायदासुद्धा नाही. ते आहे पोलिसांच्या कायद्याच्या एका पोटकलमात, गुरांच्या शेजारी.

मेळे आणि तमाशे हे शब्द त्या कलमात उगीच आलेले नाहीत. गर्दीला उद्देशून बोलणाऱ्या कलेची भीती राज्यकर्त्यांना पूर्वीपासून आहे. इंग्रज सरकारने १८७६ मध्ये नाट्यप्रयोगांवर कायदा आणला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ मध्ये रंगभूमीवर आले. महाभारतातल्या कीचकात लोकांना लॉर्ड कर्झन दिसू लागला आणि १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. त्या बंदीचा धडा आम्ही शाळेत अभिमानाने शिकवतो, की बघा, परक्या सरकारला मराठी नाटकाची एवढी धास्ती होती! पुढे १८७६ चा तो कायदा केंद्राने निकालात काढला. अनेक कालबाह्य कायद्यांबरोबर २०१८ च्या सुरुवातीला तो रद्द झाला. आमच्या राज्यातली पूर्वतपासणी मात्र तशीच आहे. खाडिलकरांवर बंदी घालणाऱ्यांचा कायदा गेला आणि आमचा राहिला, हे मी विद्यार्थ्यांना कसे समजावून सांगू?

संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(क) ने प्रत्येक नागरिकाला भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले आहे. ते अमर्याद नाही आणि ते तसे असावे अशी माझी मागणीही नाही. अनुच्छेद १९(२) मध्ये आठ कारणे आहेत : देशाचे सार्वभौमत्व व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परकीय राष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि अपराधास चिथावणी. या आठांपैकी एखाद्या कारणासाठी कायद्याने निर्बंध घालता येतो आणि तो 'वाजवी' असावा लागतो. वाजवी हा शब्द मूळ कलमात नव्हता, तो १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आला. त्या एका शब्दावर गेली सत्तर-पंचाहत्तर वर्षे नागरिकाचे बरेच काही टिकून आहे.

आता कलम ३३ पुन्हा वाचा. तिथे सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, नीतिमत्ता ही कारणे आहेतच, पण त्यांच्यापुढे आणखी एक आहे : सर्वसाधारण जनतेचे हित. हे नववे कारण अनुच्छेद १९(२) मध्ये नाही. ते आहे पुढच्या पोटकलमांत, जिथे कुठेही फिरण्याचे, राहण्याचे आणि व्यवसाय करण्याचे स्वातंत्र्य येते. बोलण्याच्या स्वातंत्र्याला संविधानकर्त्यांनी ते लावलेले नाही. आणि यावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल झाला आहे तो आमच्याच पुण्यातल्या 'सकाळ'च्या खटल्यात. वर्तमानपत्राच्या किमतीनुसार त्याची पाने ठरवून देणारा कायदा केंद्राने १९५६ मध्ये केला होता आणि १९६० मध्ये तसा आदेश काढला. छोट्या पत्रांचे भले व्हावे हा हेतू, म्हणजे जनतेचे हितच. १९६१ मध्ये न्यायालयाने सांगितले की व्यवसायावर जनहितासाठी निर्बंध घालता येतील, पण त्या वाटेने अभिव्यक्तीला हात लावता येणार नाही, त्यासाठी १९(२) मधलेच कारण हवे. या निकालाला सहा दशके उलटली. नाटकाच्या कलमातले ते शब्द तसेच आहेत. ही माझी पहिली तक्रार, आणि माझ्या मते सर्वांत मोठी.

दुसरी तक्रार भेदभावाची. वर्तमानपत्राला छापण्याआधी मजकूर कुणाला दाखवावा लागत नाही. दिल्लीतल्या एका साप्ताहिकावर पूर्वतपासणी लादली गेली, तेव्हा १९५० मध्येच सर्वोच्च न्यायालयाने ती मोडून काढली. कादंबरीला प्रमाणपत्र लागत नाही, कवितेला लागत नाही. जाहीर सभेत पुढारी काय बोलणार याची संहिता कुणी मागवत नाही. मोबाईलवर घराघरांत पोचणाऱ्या मालिकांसाठी केंद्राने २०२१ मध्ये नियम केले, त्यांतही निर्मात्याने स्वतःच वयोगट जाहीर करायचा आहे, आधी कुणाची मंजुरी घ्यायची नाही. चित्रपटाला पूर्वतपासणी आहे आणि १९७० मध्ये के. ए. अब्बास यांच्या खटल्यात न्यायालयाने ती उचलून धरली, हे मला माहीत आहे. पण का उचलून धरली? चित्रपटाचा मनावर होणारा परिणाम इतर कलांपेक्षा वेगळा आणि अधिक खोल आहे, असे न्यायालयाचे म्हणणे होते. म्हणजे ते समर्थन चित्रपटापुरते आहे. मग ज्याच्यासाठी ते दिलेच नाही त्या नाटकाला, दोनशे खुर्च्यांच्या सभागृहात, स्वतः तिकीट काढून आलेल्या माणसांपुढे होणाऱ्या प्रयोगाला, ते कसे लावता?

इतर राज्यांनी काय केले तेही पाहा. लखनौमध्ये प्रेमचंदांच्या 'ईदगाह'वरच्या नाटकावरून खटला झाला, तेव्हा १९५६ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने जुन्या नाट्यप्रयोग कायद्याची तरतूद घटनाबाह्य ठरवली. तामिळनाडूच्या अशाच कायद्यातल्या तरतुदी मद्रास उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये रद्द केल्या. आपल्याकडे अमोल पालेकर यांनी २०१६ मध्ये या सक्तीला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. एका ज्येष्ठ कलावंताला न्यायालयात जावे लागावे आणि शासनाने तोवर हातावर हात धरून बसावे, हे ज्या राज्यात १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' झाले त्या राज्याला शोभत नाही. ५ नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिनाच्या शुभेच्छा देता. त्या आम्हाला खरोखर हव्या आहेत, पण या कलमासकट नकोत.

तिसरी गोष्ट थोडक्यात. संहिता म्हणजे प्रयोग नव्हे. बतावणीत सोंगाड्या त्या दिवशीच्या बातमीवर जी कोटी करतो ती कुठल्या पानावर असते? नटाने घेतलेला एक थांबा, खाली घातलेली नजर, यांचे परिनिरीक्षण कसे करणार? विजय तेंडुलकरांच्या 'गिधाडे'च्या वेळची गोष्ट रंगभूमीवरची जुनी माणसे अजून सांगतात. साडीवरच्या लाल डागाला हरकत आली. मग डाग निळा केला आणि प्रेक्षकांनी तो लाल समजावा असे प्रयोगाआधी सांगण्यात येऊ लागले. डाग लालच दिसला, सगळ्यांना. 'सखाराम बाइंडर' १९७२ मध्ये अडले, कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. ते नाटक आज विद्यापीठांत शिकवले जाते. सारंगांच्या जिवावर बेतलेले ते दिवस मात्र त्यांना कुणी परत दिले नाहीत. त्यांच्यात लढण्याची धमक होती. तालुक्याच्या गावातल्या मुलांनी कुठला वकील लावायचा?

चौथी तक्रार जरा सविस्तर मांडते, कारण तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. प्रमाणपत्र घेतल्यावर आम्हाला संरक्षण मिळते, असे सक्तीच्या बाजूने हमखास सांगितले जाते. माझा अनुभव वेगळा आहे. महिला दिनाला आम्ही वीस मिनिटांची एक छोटी नाटिका करणार होतो. एका सभागृहाच्या व्यवस्थापकांनी ऐनवेळी सेन्सॉरचे पत्र मागितले. नव्हते. त्यांनी किल्ली दिली नाही. आम्ही शाळेच्या पटांगणात, ट्यूबलाईटच्या उजेडात प्रयोग केला. त्या गृहस्थांना आमच्या नाटिकेत रस नव्हता, त्यांना भीती होती ती 'उद्या काही झाले तर' याची. कागद असा वापरला जातो. किल्ली नाकारायला तो पुरेसा असतो.

आणि कागद असूनही काय होते? 'मी नथुराम गोडसे बोलतोय' १९९८ मध्ये रंगभूमीवर आले आणि काही दिवसांतच शासनाने ते थांबवले. त्या नाटकातला विचार मला मुळीच मान्य नाही. गांधीजींच्या खुन्याच्या तोंडून अडीच तास समर्थन ऐकणे मला सहन झाले नसते. तरी २००१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जप्तीचा आदेश रद्द केला तेव्हा मला ते योग्य वाटले, आजही वाटते. मला न पटणारे नाटक बंद पडावे म्हणून मी शासनाकडे हात पसरला, तर उद्या माझ्या म्हातारीची बादली वाचवायला कुणाकडे जाऊ?

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्यात विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात विद्यार्थ्यांचा प्रयोग गोंधळ घालून मध्येच बंद पाडला गेला. त्यानंतर अटक झाली ती केंद्रप्रमुखांना आणि पाच विद्यार्थ्यांना. नाटक चांगले की वाईट, कुणाचे मन दुखावले की नाही, यावर वाद होऊ शकतो, व्हावा. पण ज्यांनी प्रयोग उधळला त्यांच्याऐवजी ज्यांनी केला त्यांना गाडीत बसवले, तर गावोगावच्या पालकांपर्यंत काय निरोप जातो? आमच्या संस्थेतल्या दोन मुलींच्या घरच्यांनी त्या आठवड्यात त्यांना तालमीला पाठवणे बंद केले. एक परत आली. दुसरी आली नाही, आणि ती फार चांगले काम करायची.

एस. रंगराजन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगून ठेवले आहे की निदर्शनांच्या किंवा हिंसेच्या धमकीपुढे अभिव्यक्ती दाबता येणार नाही. विरोधी जमावाला आवरता येत नाही ही सबब शासनाला चालणार नाही. शब्द आणि धोका यांचा संबंध दारूच्या कोठारात पडलेल्या ठिणगीइतका थेट हवा. शब्दांचा परिणाम जोखताना माणूस कुठला धरायचा, हेही आपल्याच मातीत ठरले आहे. १९४६ मध्ये नागपूरच्या उच्च न्यायालयात न्या. व्हिव्हियन बोस यांनी म्हटले की समंजस, खंबीर मनाच्या माणसाच्या मापाने ते जोखावे, ज्याला जिथे तिथे धोका दिसतो अशा डळमळीत मनाच्या मापाने नव्हे. मार्च २०२५ मध्ये एका कवितेवरचा गुन्हा रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा तेच माप पुढे ठेवले. त्याआधी मार्च २०२४ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकावर व्हॉट्सॲप स्टेटसवरून दाखल झालेला गुन्हा रद्द करताना, पोलिसांना अनुच्छेद १९(१)(क) समजावून सांगण्याची वेळ आली आहे असेही न्यायालय म्हणाले. मा. गृहमंत्री, हे वाक्य आपल्या खात्यासाठी आहे. त्यावर राज्यातल्या ठाण्यांत काय प्रशिक्षण झाले, हे जनतेला कळायला हवे.

मर्यादांचे काय, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि तो रास्त आहे. एकदा आमच्या मुलांनी लिहिलेल्या विनोदी प्रवेशात एका जातीचे नाव घेऊन टिंगल होती. मी तालीम थांबवली. त्या जातीचा एक मुलगा आमच्यातच प्रॉम्प्टिंग करायचा, तो मान खाली घालून बसला होता. आम्ही दीड तास बोललो. मुलांनी प्रवेश बदलला आणि बदललेला अधिक हसवणारा झाला. समजा मुलांनी माझे ऐकले नसते आणि तसाच प्रयोग केला असता, तर? तर ॲट्रॉसिटीचा कायदा आहे. समाजासमाजांत वैर पसरवण्याबद्दल भारतीय न्याय संहितेचे कलम १९६ आहे, धार्मिक भावना हेतुपूर्वक दुखावण्याबद्दल २९९, बदनामीसाठी ३५६, अश्लीलतेसाठीही तरतूद आहे. हे सगळे कायदे नाटकाला लागू आहेत आणि मी त्यांतून सूट मागत नाही. प्रयोग झाल्यावर, त्यातल्या शब्दांसाठी, कायद्यापुढे उभी राहायला मी तयार आहे. तिथे मला आरोप कळेल, बाजू मांडता येईल, आरोप सिद्ध करण्याचा भार दुसऱ्यावर असेल. पूर्वतपासणीत हे सगळे उलटे होते. मी काहीही केलेले नसते, तरी निर्दोष असल्याचा दाखला आधी मीच आणायचा असतो.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

पोलीस अधिनियमाच्या कलम ३३ मधून नाट्यप्रयोगांच्या संहितांची पूर्वतपासणी वगळणारे दुरुस्ती विधेयक आणावे. अग्निसुरक्षा, बाहेर पडण्याची दारे, आसनसंख्या, आवाजाची वेळ यांचे नियम जरूर ठेवा, ते आम्हालाही हवे आहेत.

विधेयकाला वेळ लागेल. पण ज्याला विधेयक लागत नाही ते तरी आधी करा. याच कलमात काही प्रयोगांना अपवाद करण्याची मुभा आहे. ती वापरून हौशी संस्था, शाळा-महाविद्यालये, बालनाट्य आणि स्पर्धेतले प्रयोग यांना पूर्वतपासणीतून मुक्त करा. आणि शासनाच्याच राज्य नाट्य स्पर्धेच्या प्रवेशिकेतून प्रमाणपत्राची अट काढा. स्पर्धा सांस्कृतिक कार्य संचालनालय घेते, नियम तेच करते. मनात आणले तर येत्या वर्षापासून हे होऊ शकते.

ही सक्ती उठेपर्यंत, एखादी ओळ वगळायला सांगायची असेल तर अनुच्छेद १९(२) मधल्या आठांपैकी कोणत्या कारणासाठी, ते लेखी द्यावे. 'सर्वसाधारण जनतेचे हित' हे कारण देऊ नये. ठरावीक दिवसांत उत्तर न आल्यास संहिता मंजूर समजावी. वर्षभरात कुठल्या संहितांना काय सुचवले, हे मंडळाने दर वर्षी जाहीर करावे.

प्रेक्षकांना, विशेषतः पालकांना, विषयाची कल्पना असावी हे मला मान्य आहे. वयोगट आणि विषय आम्ही स्वतः जाहिरातीत आणि तिकिटावर छापू. मंडळाने हवे तर सल्लागार व्हावे, मागितल्यास मत द्यावे. तुमच्यातल्या अनुभवी लेखकांनी आमच्या मुलांच्या संहिता वाचून चार गोष्टी सांगितल्या, तर आम्ही हात जोडून ऐकू.

आणि गृह विभागाने सर्व पोलीस ठाण्यांना लेखी सूचना द्यावी : प्रयोगाला धमकी आली तर प्रयोग थांबवायचा नाही, धमकी देणाऱ्याला थांबवायचे.

मंडळाच्या सदस्यांना एक वेगळी विनंती आहे. हा अधिकार तुम्ही मागून घेतलेला नाही, तो तुमच्याकडे चालत आला आहे. तुम्हीही कधीतरी तालमीच्या खोलीत बसून एखादी ओळ ठेवू की काढू या विचारात रात्र घालवली असेल. तेव्हा शासनाला तुम्हीच लिहा, की ही सक्ती आम्हाला नको. तुमचे पत्र माझ्या पत्रापेक्षा लवकर वाचले जाईल.

त्या मुलीला मी चार दिवसांनी उत्तर दिले. पेन्सिलीची रेघ खोडरबराने पुसायला लावली आणि पुढे लिही म्हटले. पास होईल का, ते मला माहीत नाही, असेही सांगितले, कारण मुलांशी खोटे बोलायचे नाही असे मी ठरवले आहे. एकांकिका आता पूर्ण झाली आहे. मुकादमाचे काम करणारा मुलगा ते वाक्य म्हणताना अजून अडखळतो. तिच्या आईने तालीम पाहिली आणि कोयता धरायची पद्धत चुकते आहे म्हणून स्वतः उभी राहून दाखवली.

आमची तालीम रोज संध्याकाळी साडेसहाला असते, रविवारी सकाळी दहाला. आपल्यापैकी कुणीही यावे. संहिता मागू नका, प्रयोग पाहा.

आपली,
एक हौशी नाट्यदिग्दर्शिका, निवृत्त मराठी शिक्षिका